शेवटची जोडी

प्रिय लंबू,

आधी एक मिठी, मग बाकीचं. गुडघा कसा आहे? झोप लागते का? दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू "मी बरी आहे" म्हणून ठेवून दिलास. (बरी माणसं इतक्या घाईने फोन ठेवत नाहीत.) भावोजी गेल्यापासून तू जिना उतरलेली नाहीस, असं तुझी सून सांगत होती. त्यावर आज मी काही बोलणार नाही. आज माझीच फजिती ऐक.

नोकरी संपल्यापासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. पुस्तक उघडलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते आठवत नाही. शेवटी आमचे हे म्हणाले, "एक तर बस, नाहीतर जा, पण माझ्या पेपरासमोरून येरझाऱ्या घालू नकोस." म्हणून मी जायचं ठरवलं. चालण्याची स्पर्धा होती: एका दिवसात चाळीस किलोमीटर चालायचं, सूर्य मावळायच्या आत पोचायचं, पोचेल त्याला पदक. मला ते पदक हवंच होतं गं. शाळेत एकदाही मिळालं नाही, अगदी नीटनेटकेपणाचंसुद्धा नाही. मग तयारी. वजनाची सवय म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये शब्दकोश आणि इस्त्री घेऊन रोज हिंडायचे. (तेवढे दिवस ह्यांनी चुरगळलेले शर्ट घातले. नणंदेने हळूच विचारलं, "वहिनी, तुमचं दोघांचं ठीक आहे ना?") माझ्या सुनेने बूट आणले, तेही असे भडक केशरी की पाय माझे वाटेचनात.

तर स्पर्धेचा दिवस. सुरुवात झकास झाली आणि पहिल्याच वळणावर एक बाई नाडी बांधायला वाकल्या. मी थांबले. तुला कारण सांगायला नको. शाळेत सिस्टर आपल्याला उंचीप्रमाणे दोघी-दोघींच्या रांगेत लावायच्या, आपण दोघी कायम शेवटची जोडी, आणि शेवटच्या जोडीच्या मागे कुणी राहता कामा नये. (तुझा हात नेहमी खडूसारखा कोरडा, माझा घामाने चिकट. तू कधी तक्रार केली नाहीस.) पुढे एक आजोबा पाणी प्यायला थांबले, मी थांबले. एका मुलीला फोड आले, तिच्याजवळ थांबले. असं करता करता सगळं जग पुढे निघून गेलं आणि मागे राहिला एक पिवळ्या जॅकेटवाला. हा दांडगा माणूस आयोजकांनीच सर्वांच्या मागे चालायला नेमलेला.

"काकू, व्हा पुढे."

"तुम्ही व्हा, मी आले."

"अहो, शेवटचा मी असतो!"

"शेवटची मी. शाळेपासून."

"काकू, माझं कामच आहे ते!"

"आणि माझं वळण!"

एका शिंप्याच्या दुकानासमोर आम्ही दोघं खांबासारखे उभे. शिंपी टेप गळ्यात घालून बाहेर आला आणि म्हणाला, "बरोबर चाला की, मापात तर आहात." मग चाललो बरोबरीने. पोचलो तेव्हा सूर्य केव्हाच मावळला होता. फलक गुंडाळला होता, पदकांची खोकी गाडीत चढली होती. मी थोडी रडले. (बरीच.) पिवळा जॅकेटवाला अवघडून बाजूला उभा राहिला, मग म्हणाला, "काकू, पाय तर तुमचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. दिवसभर मागे वळून कुणाची वाट बघत होता?"

घरी येऊन इस्त्री केली.

तुझीच,
दुसरी लंबू

ता. क. पुढच्या स्पर्धेत जोडीनेही चालता येतं. आपली दोघींची नावं दिली आहेत. तुझे बूट सोबत पाठवते आहे. केशरीच आहेत, ओरडू नकोस.

ता. क. दुसरा. चाळीस किलोमीटर राहू देत. रविवारी सकाळी मी तुझ्या जिन्याच्या पायथ्याशी उभी असेन. तू मागे असताना मला पुढे जाता येत नाही, नियम तुलाही पाठ आहे. नाही म्हणायचं असेल तर फोनवर चालणार नाही. खाली येऊन म्हण.