तक्ता पुरा होईपर्यंत

१५ नोव्हेंबर १९५३, रविवार

जुलैपासून ही वही उघडली नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. आधी ट्रामच्या भाड्यावरून झालेल्या दंगली, मग ऑफिसातले जावक रजिस्टर, मग दुर्गापूजेची सुट्टी. खरे कारण आळस. पण जावक रजिस्टरही खोटे नव्हते.

आज लिहायचे कारण वृंदा. सहामाहीत इंग्रजीत शंभरापैकी बावीस. डिसेंबरात शाळेची टेस्ट आहे. तीत नापास झाली तर मार्चच्या स्कूल फायनलला (इकडची मॅट्रिक) बसू देणार नाहीत. त्यातच नागपूरहून माझे मेहुणे, मालतीचे थोरले बंधू श्यामराव यांचे पत्र आले: पोरीला अभ्यास झेपत नसेल तर इकडे पाठवा, रेल्वेतला मुलगा पाहून ठेवला आहे, वैशाखात उरकून टाकू. वृंदा सोळा वर्षांची. तिला कॉलेजात जायचे आहे. पत्र ऐकून ती पानावरून उठली.

मी बी.ए. आहे. घरात बी.ए. असताना मुलगी इंग्रजीत नापास का होते? दुपारभर विचार केला. दोष वृंदाचा नाही, माझाही नाही. दोष स्पेलिंगचा आहे. एकच ध्वनी, आणि लिहायच्या तऱ्हा दहा. यावर आजवर कोणी शिस्तीत काम केलेले दिसत नाही.

संकल्प: प्रत्येक इंग्रजी ध्वनीचा एक मोठा तक्ता. त्यात त्या ध्वनीची सगळी स्पेलिंगे. एकूण ध्वनी चव्वेचाळीस. रोज दोन केले तर बावीस दिवस. टेस्टच्या आधी काम पुरे.

१६ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरच्या सुचित्रा सान्याल वृंदाला फुकट शिकवायला तयार आहेत, असे मालती म्हणाली. एम.ए. आहेत, शाळेत इंग्रजीच शिकवतात. मी म्हटले, सुचित्राबाईंचे आभार मान, पण नको. मालती म्हणाली, आधी ते बाई म्हणणे सोडा, इकडे बंगालीत नाचगाणे करणारीला बाई म्हणतात, गेल्या खेपेला जिन्यात तुम्ही हाक मारलीत तेव्हा त्यांच्या आई दार लावून बसल्या. मला हे या घरातल्या बारा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. यापुढे सुचित्रादेवी.

नकाराचे कारण तत्त्वाचे आहे. बंगाली माणूस 'व्हेरी'ला 'भेरी' म्हणतो. कान बिघडला की स्पेलिंग बिघडते. आपले मराठी उच्चार स्वच्छ. मालतीने विचारले, तुम्ही साहेबाला बोलताना कधी ऐकलेत? मी म्हटले, छत्तीस साली, नोकरीच्या मुलाखतीत. त्याने दोन प्रश्न विचारले आणि त्यातला एक मला पूर्ण समजला.

१७ नोव्हेंबर

बालीगंजच्या बाजारातून जाड कागद, लाल आणि निळी शाई आणली. नियम निळ्याने, अपवाद लालने. पहिला ध्वनी 'ई'. डबल ई, ई-ए, आय-ई, ई-आय, नुसता ई. पाच तऱ्हा. सोपे काम आहे.

२२ नोव्हेंबर

'ई' चालू आहे. 'मशीन'मध्ये नुसता आय. 'पीपल'मध्ये ई-ओ. लाल शाई संपत आली, निळी तशीच आहे. रंगांची अदलाबदल करावी म्हणून तक्ता पुन्हा लिहायला घेतला.

वृंदा रोज संध्याकाळी पाच ते सात सुचित्रादेवींकडे विणकाम शिकायला जाते, असे मालतीने सांगितले. हरकत घेतली नाही. शिकवणीला आपण नाही म्हटले, तेव्हा शेजारधर्म म्हणून एवढे तरी असावे.

२६ नोव्हेंबर

ऑफिसात विचित्र प्रकार. आमचे काम बंदराचे, तेव्हा धक्क्याला इंग्रजीत काय म्हणतात ते रोजच लिहावे-बोलावे लागते. क्यू-यू-ए-वाय. आज जयप्रकाशला (आमच्या सेक्शनचा, मूळचा आरा गावचा) तक्त्याबद्दल सांगत होतो. तो म्हणाला, दिगंबरबाबू, मग आपला 'की' घातलात का त्यात? मी विचारले, कुठला 'की'? त्याने फाइलवरच्या त्याच शब्दावर बोट ठेवले.

सतरा वर्षे मी 'क्वे' म्हणत आलो. मीटिंगमध्ये म्हटले. टेलिफोनवर म्हटले. एकानेही टोकले नाही. लोक किती बेजबाबदार असतात! जयप्रकाशला तसे सुनावले. तो म्हणाला, आम्हाला वाटले मराठीत तसेच म्हणत असतील.

तक्ता तिसऱ्यांदा लिहायला घेतला.

२९ नोव्हेंबर

वृंदा म्हणाली, बाबा, रद्द झालेले तक्ते मी घेऊ का? दोन्ही दिले, पुढे रद्द होतील तेही तिलाच. चुकलेला तक्तासुद्धा अभ्यासावासा वाटतो, याला म्हणतात जिज्ञासा. ती गुंडाळी घेऊन विणायला गेली. विणता विणता पाठ करत असणार.

६ डिसेंबर

मालतीने विचारले, शिकवायला कधी सुरुवात करणार? आठवड्यावर टेस्ट आली. तिला समजावले की अर्धवट तक्त्यावरून शिकवणे घातक आहे. हावड्याचा पूल अर्धा बांधून कोणी त्यावर ट्राम सोडली होती का? ती म्हणाली, पूल होईपर्यंत लोक होडीने जातच होते की. विषयाला सोडून बोलते.

मात्र रात्री मनात आले: मी खरेच वृंदासाठी हे करतो आहे ना? नीट तपासून पाहिले. होय.

२३ डिसेंबर

वृंदा टेस्टमध्ये पास! इंग्रजीत एकेचाळीस. मार्चला बसायची परवानगी मिळाली. अजून एकही तक्ता पुरा झालेला नसताना एवढा परिणाम, तर चव्वेचाळीस झाल्यावर काय होईल! श्यामरावांना कार्ड टाकले की मुलगी माझ्या देखरेखीखाली आहे, घाई करू नये.

३ जानेवारी १९५४

'ई' तहकूब. 'श' घेतला. एस-एच. मग टी-आय. मग सी-आय. मग 'शुगर'. मग 'ओशन'. खुर्चीवर बसून राहिलो.

१० जानेवारी

दीड महिना विणकाम चालले आहे आणि घरात एक पायमोजाही दिसत नाही. वृंदाला विचारले, काय विणतेस? मफलर, तुमच्यासाठी, म्हणाली. दाखव म्हटले तर म्हणाली, उसवला. सुचित्रादेवी शिकवण्यात कमी पडत असाव्यात. एम.ए. असणे वेगळे, समोरच्याच्या डोक्यात उतरवणे वेगळे. मालतीला तसे म्हणालो. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. हल्ली तिला सारखा खोकला असतो.

२४ जानेवारी

मफलर आला! बाटलीच्या हिरव्या रंगाचा, टाके सारखे, कुठे गाठ दिसत नाही. सुचित्रादेवींच्या आईंचा हात इतका सफाईदार आहे असे ऐकून होतो, पण वृंदाने त्यांनाही मागे टाकले. सोळा वर्षांची मुलगी दोन आठवड्यांत एवढे विणते. ही एकाग्रता तक्त्यांमुळे आली, दुसरे काय? डोळे भरून आले. मफलर घालूनच बसलो आणि 'श'मध्ये आणखी दोन तऱ्हा सापडल्या.

२१ फेब्रुवारी

उकाडा सुरू झाला तरी मफलर घालून ऑफिसला जातो. ट्राममध्ये लोक सरकून बसतात, घसा आला आहे असे समजून.

तीन ध्वनी जवळजवळ पुरे. उरले एकेचाळीस.

७ मार्च

परीक्षा या आठवड्यात. वृंदाला तक्त्यांपुढे बसवले आणि स्पष्ट सांगितले की काम अपुरे आहे, दोष माझा. ती म्हणाली, असू दे बाबा, जेवढे आहे तेवढे पुष्कळ झाले. मग तीन तक्ते हातात धरून बोलत होतो, दीड तास. तिने एकदाही जांभई दिली नाही. नशीब असेल तर पेपरात या तीन ध्वनींचेच शब्द येतील.

१४ जून, सोमवार

पास! इंग्रजीत बासष्ट!! कॉलेज पक्के. मालती रडली, वृंदा रडली, खालून सुचित्रादेवी आणि त्यांच्या आई संदेशाची मिठाई घेऊन आल्या, त्याही रडल्या. त्यांना एवढे रडायचे काय कारण, कळले नाही. प्रेमळ माणसे. मी मोठ्या मनाने सांगितले की विणकामाचे श्रेय पूर्णपणे तुमचे आहे.

श्यामरावांना आठ पानी पत्र लिहून टाकले. रेल्वेतल्या मुलाला मोकळा करावा. माझी पद्धत, तिचे मूळ तत्त्व, तिन्ही ध्वनी, आणि निकालाचे सविस्तर कारण. त्यांच्या मुलांसाठीही उपयोगी पडेल.

२० जून, रविवार. दुपारी ४

तक्ते छापावेत असे मनात आले. पहिल्या 'ई'ची प्रत हवी, म्हणून वृंदाच्या कपाटातली गुंडाळी काढली. रद्द केलेले सगळे तक्ते जपून ठेवले आहेत. एक उलटा केला.

मागची बाजू वृंदाच्या अक्षराने भरलेली. निबंध, उतारे, पत्रे, सगळे इंग्रजीत. वर लाल शाईच्या दुरुस्त्या, वृंदाच्या नव्हेत. प्रत्येकाखाली तारीख. पहिली २९ नोव्हेंबर. शेवटची परीक्षेच्या आदल्या दिवशीची. एकही दिवस सुटलेला नाही.

लाल शाईत एखादी चूक सापडते का, ते पाहिले. तासभर पाहिले. नाही.

एका निबंधाचा विषय 'माझे वडील'. वडील ऑफिसातून थकून येतात आणि माझ्यासाठी तक्ता करत बसतात. आम्ही तेव्हा घरात हळू बोलतो. मला त्यांचे अक्षर फार आवडते. शेवटचे वाक्य: हा तक्ता ते कधीच पुरा करणार नाहीत. ते लाल रेघेने खोडून वर लिहिले आहे: हा तक्ता अजून पुरा झालेला नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. मग सुचित्रादेवींनी दुरुस्ती का केली, याचा बराच वेळ विचार केला.

संध्याकाळी ६

मालतीला विचारले, मला का सांगितले नाहीस? ती दुधावर लक्ष ठेवून होती. म्हणाली, सांगितले असते तर तुम्ही त्यांचे 'भेरी' सुधारायला खाली गेला असता. हे खोटे आहे असे मी म्हणणार होतो.

मग विचारले, मफलर? म्हणाली, त्यांच्या आईंचा. चौदा रात्री बसल्या बिचाऱ्या, तुम्ही दाखव म्हणालात म्हणून.

तक्ते पुन्हा गुंडाळून वृंदाच्या कपाटात होते तसे ठेवले.

उद्या: श्यामरावांना दुसरे पत्र लिहिणे. पोस्टकार्ड पुरेल.