तिसऱ्या गिअरचं गाऱ्हाणं

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आणि वहिनी, तुलाही, कारण हे मोठ्यानं वाचायचं काम तुझ्याच गळ्यात पडलंय. इकडे सगळं ठीक. नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानात शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे, घरभर दोऱ्याचे तुकडे, परवा तर माझ्या डब्यातल्या भाजीत निघाला. तुझी तब्येत कशी, असं विचारणार होते. पण तू "बरी" म्हणणार आणि पुढे गप्प बसणार, म्हणून नाही विचारत.

पत्र का, ते आधी सांगते. फोन केला की तू "घे, वहिनीशी बोल" म्हणतोस आणि संपलं. पत्राचं तसं नाही. वहिनी वाचायला लागली की त्या एवढ्याशा खोलीतून तू उठून जाणार कुठे? बैस आता.

डॉक्टरांनी हात टेकले, लायसन्स गेलं, पेपरसुद्धा वहिनीच वाचून सांगायला लागली, आणि तू आठवड्याभरात ट्रक विकून मोकळा झालास. इथपर्यंत समजलं. पण तेव्हापासून तुझ्यासमोर कोणी टायर म्हटलं तरी तू भिंतीकडे तोंड करून झोपतोस. आणलेली काठी दाराआड पडून आहे म्हणे, अंगणापर्यंतही येत नाहीस. जन्मभर ज्याला दुसरा विषय माहीत नव्हता तो माणूस असा मुका झाला, तर घरच्यांनी करायचं काय? म्हणून मी ठरवलंय, तुला बोलतं करायचं. ट्रकबद्दलच. तुला राग आला तरी चालेल. आला तर उत्तमच.

तर बातमी अशी की मी कंपनीची नोकरी सोडली. ओरडू नकोस. नवा ट्रक चांगला होता, नाही म्हणत नाही. पण किती बोलायचा! पट्टा लावा, दार लावा, हळू चला, विश्रांती घ्या. केबिनमध्ये सासूच येऊन राहिली होती जणू. स्टिअरिंग एका बोटानं फिरायचं, काच लावली की इंजिन चालू आहे की बंद ते कळायचं नाही. संध्याकाळी घरी आले की गाडी चालवून आलेय असं वाटायचंच नाही, कुठेतरी नुसती बसून आलेय असं वाटायचं. म्हणून स्वतःचा एक जुना ट्रक घेतला. पुढे लांब नाक असलेला. विटा, फरशा, वाळू, मिळेल ते भरते.

आता तुला कोडं घालते. या गाडीचा आधीचा ड्रायव्हर कसा असेल, याचा मी शोध लावतेय. ॲक्सिलरेटरच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवलाय, स्क्रू मारून, घट्ट. म्हणजे माणूस बुटका, पाय पोचत नसणार. सीटला उजव्या अंगाला खळगा पडलाय. म्हणजे स्वारी खिडकीबाहेर कोपर काढून बसणारी, कामापेक्षा मिजास जास्त. नवरा म्हणाला नवी गादी शिवून देतो, मी म्हटलं थांब, पुरावा नष्ट करू नकोस. आणि गिअरच्या दांड्याशेजारी खालच्या पत्र्याला अंगठा जाईल एवढं भोक आहे, त्यात लाकडी बूच ठोकलंय. मिस्त्री म्हणतो गंजून पडलंय. मलाही पटलं. पत्रा बदलायचा सोडून बूच मारलं, आळशी कुठला!

तुझं काय म्हणणं?

तुझा भुंगा


१५ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण वहिनीनं फोनवर फोडलं की "बुटका" ऐकल्यावर तू "ह्यॅ!" म्हणालास आणि कूस बदललीस. वहिनी, तुझे उपकार. त्या एका "ह्यॅ"वर मी आठवडा काढला.

माझा दिनक्रम ऐक. उजाडायच्या आत हातात पाना घेऊन टायर ठोकत एक फेरी. ज्याचा आवाज भद्द येतो त्यात हवा कमी. कंपनीत हे काम मशीन करायचं, मी आपली खिशात हात घालून उभी. आता पुन्हा कान लावायला लागले तर काय काय ऐकू येतं! इंजिन गार असताना घसा खाकरून बोलतं, तापलं की सरळ होतं. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये नेमका तेवढाच रेस द्यायचा. जमलं तर दांडा आपणहून जागेवर जाऊन बसतो. चुकलं तर असा करवादतो की वीटभट्टीवरची माणसं काम सोडून हसतात. पहिल्या दिवशी माझी चांगलीच शोभा झाली.

फरशीच्या कारखान्यातला काटेवाला रोज म्हणतो, "ताई, हे धूड अजून चालतं?" आणि मग स्वतःच बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो. त्याच्या बापाकडे होता म्हणे असाच. मला हल्ली याचीच गंमत वाटत असते. जुना ट्रक थांबला की कोणी ना कोणी जवळ येतं, हात लावतं, आणि आपली काहीतरी गोष्ट सांगून जातं. नव्या ट्रकपाशी कधी कोणी आलं नाही. असं का होत असेल रे? लोखंड तर दोन्हीकडे आहेच.

स्टिअरिंग परातीएवढं. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. नवरा तेल चोळता चोळता म्हणतो, "त्यापेक्षा शिलाई मशीन घेतलं असतंस." पण झोप काय लागते म्हणून सांगू!

शोधकाम चालूच आहे. ड्रायव्हरसमोर चार तबकड्या आहेत, एकही चालत नाही. म्हणजे वेग किती, पाणी किती तापलं, कशाचीच त्या माणसाला फिकीर नव्हती. अशांच्या हाती गाडी देतात तरी कशी? आणि हो, गिअर मऊ पडावेत म्हणून मी गिअरबॉक्समध्ये पातळ ऑईल घातलं. चांगलं केलं ना?

एकच कटकट आहे. भरलेली गाडी चढाला लागली की तिसरा गिअर सुटतो. आधी कुंई करतो, मग दांडा फाडकन न्यूट्रलला. मी हातानं दाबून धरते. होईल काहीतरी.

तुझा भुंगा


२ मार्च

दादा,

नमस्कार घे. आज थट्टा नाही.

पातळ ऑईल मी घातलेलं नाही. तुझ्या अंगाची लाही व्हावी म्हणून लिहिलं होतं. बुटका, आळशी, मिजासखोर, तेही त्यासाठीच. तुझ्यासमोर कोणी ट्रकबद्दल चुकीचं बोलावं आणि तू गप्प राहावंस, असं कधी झालंय? दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना तू शेजारच्या खाटेवरच्या माणसाला डिझेलचा पंप समजावून सांगत होतास. मला वाटलं, एवढं वेडंवाकडं लिहिलं तर निदान फटकारशील. तेही नाही. म्हणजे तू खरंच फार लांब जाऊन बसलायस, आणि मला त्याची भीती वाटायला लागलीय.

तर आता खरं ते. ही हत्तीण आहे, दादा. तू विकलेली, तुझीच हत्तीण.

मी कंपनीचा ट्रक घेऊन वजनकाट्यावर रांगेत होते. मागून कोणीतरी सेल्फ मारला. दोनदा नुसतं घरघरलं, तिसऱ्यांदा शिंक दिल्यासारखं होऊन सुरू झालं. मी रांगेत ट्रक सोडून खाली उतरले, मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. तुझ्या गिऱ्हाइकानं तिला भंगारात काढली होती. लोखंडाचं वजन करायलाच काट्यावर आणली होती. मी तिथल्या तिथे त्याच्या हातापाया पडून तिला पदरात पाडून घेतली. मी लहान असताना सुटीत तुझ्याबरोबर यायचे, तेव्हा वळणावर धरायला तू डाव्या सीटजवळ माझ्यासाठी पट्ट्याची कडी लावली होतीस. ती तशीच आहे. माझी आता दोनच बोटं जातात त्यात. ती धरून मी तिथेच रडले, आणि तो गृहस्थ बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा.

दादा, तू मला का नाही विचारलंस? हे मी इतके दिवस गिळून बसलेय. क्लच कसा सोडायचा ते मला तू शिकवलंस. पोरीला ट्रकवर कशाला, असं लोक म्हणाले तेव्हा माझ्या बाजूनं तू भांडलास. आणि हत्तीण द्यायची वेळ आली तेव्हा कुठल्या परक्याला देऊन टाकलीस. मला कळलं तेही गाडी गेल्यावर, वहिनीकडून. मला ती सांभाळता येणार नाही असं वाटलं का तुला? की शेवटी मी बाईमाणूस, म्हणून? फार लागलं ते मला.

आता कामाचं. तिसरा गिअर सुटतो ते मात्र खोटं नाही. परवा चढावर भरलेली गाडी मागे सरकायला लागली, हँडब्रेकनं कशीबशी धरली. मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्सच गेला. जुने दाते मिळत नाहीत, नव्या ट्रकचा बसवू, त्यासाठी खालचा पत्रा कापावा लागेल. नसेल करायचं तर भंगारवाला आहेच, म्हणतो. रविवारी तो खोलणार आहे. पत्रा कापून दुसऱ्याचं पोट तिला बसवलं की ती हत्तीण राहणार नाही. न कापावं तर एखाद्या चढावर मी तिच्यासकट मागे जाईन. माझी मती खुंटलीय.

बोल काहीतरी. एक ओळ पुरे. नुसतं "काप" म्हणालास तरी कापेन.

उत्तर येईल, असं धरून चालते.

तुझी बहीण


५ मार्च

भुंग्या,

आधी मिस्त्रीला सांग, हत्यारं खाली ठेव.

गिअरबॉक्स गेलेला नाही. ते बूच काढ. भोक गंजानं पडलेलं नाही, मी ड्रिलनं पाडलंय, जागा ठरवून. भरलेली गाडी चढाला घे आणि कान दे. कुंई त्या भोकातून वर आली तर गिअरबॉक्स. पेडलांकडून आली तर इंजिनखालचं रबर बसलंय, डावीकडचं मागचं. चढाला जोर लागला की इंजिन एका अंगावर कलतं, आणि दांडा पत्र्याच्या कडेला आपटून बाहेर ढकलला जातो. रबरच असणार. तू लिहिलंस आधी कुंई, मग फाडकन. दाते गेले असते तर आवाज न करता सुटला असता. जुन्या टायरचं रबर कापून बसव, नव्यापेक्षा टिकतं.

(इथे यांनी मिस्त्रीबद्दल जे सांगितलं ते मी लिहिलेलं नाही. – वहिनी)

ठोकळा बुटक्यासाठी नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एका उंचीला आले की उतारावर एकाच पायानं दोन्ही सांभाळता येतात. पाय ठेवून तर बघ. उजवीकडे झुकायचो ते मागचे टायर ऐकायला. आणि तबकड्यांचं म्हणशील, तर इंजिन स्वतः सांगत असताना मध्ये दलाल कशाला?

पहिल्याच पत्रात ओळखली मी तिला. असं बूच दुसऱ्या कुठल्या गाडीला आहे? तरी बोललो नाही, कारण बोललो असतो तर पाठोपाठ विचारलं असतंस की तुला का दिली नाही. तेही आता विचारलंसच.

तुला सांभाळता येणार नाही म्हणून नाही. तुझ्यासारखा गिअर टाकणारा माणूस मला या धंद्यात दुसरा भेटला नाही. पण तुला दिली असती तर दादाला बरं वाटावं म्हणून तू तिला सारखी माझ्या दारात आणली असतीस. आणि मी आत खाटेवर पडून ऐकत राहिलो असतो, की माझी गाडी दुसरं कोणी चालवतंय. तू असलीस तरी दुसरंच. ते मला सोसलं नसतं. म्हणून लांब घालवली. भंगारात जाईल हे मनातही आलं नाही. वजनकाट्याचं ऐकलं तेव्हा मी जेवलो नाही.

तुझी पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचून घेतली. (माझा घसा बसला. – वहिनी) आणि एक गोष्ट लक्षात आली. तुझ्या पत्रांत टायरचा आवाज आहे, गिअरचा दांडा आहे, दुखणारे खांदे आहेत. रस्ता कुठेच नाही. गाडीचा रंग नाही. एवढे चढ चढतेस, वर गेल्यावर काय दिसतं ते नाही. एरवी जिचं प्रत्येक वाक्य "हे बघ दादा" नं सुरू व्हायचं, तिनं तीन पत्रांत एकदाही "बघ" लिहिलेलं नाही. मी वहिनीला मुद्दाम शोधायला लावलं. पत्राच्या शेवटी सगळं जग लिहितं "वाट बघते". तू म्हणे, "असं धरून चालते"!

किती जपाल गं मला? घरातही तेच. वहिनी "बघा" म्हणायला जाते आणि जीभ चावते. शेजारचा गप्पा मारायला येतो आणि नुसता हवापाण्याचं बोलून जातो. डोळे माझे गेले आहेत, तुमचे तर शाबूत आहेत ना? मग मला सांगत का नाही कोणी? मला सगळं जाणून घ्यायचंय, आणि तुम्ही सगळे ओठ शिवून बसलात. वर म्हणता, दादा गप्प का.

तर आता विचारायची पाळी माझी. हत्तिणीचा निळा रंग ठेवलाय त्या माणसानं, की दुसरा फासलाय? चढाच्या माथ्यावरून खाली काय काय दिसतं? घरं कुठवर आली? तळ्यात पाणी आहे? सकाळी निघतेस तेव्हा ऊन आधी कशावर पडतं? समोरच्या काचेतून दिसेल ते सावकाश लिही, एकेक करून. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. वाटलं तर वाटेल.

रबर बदललं की न्यायला ये. डावीकडे बसेन. पण त्याआधी पत्र हवं.

वाट बघतोय. हो, बघतोय.

तुझा,
दादा