पातेल्यातलं हरण

७ मार्च १९९९

— आणि वनरक्षकाने पातेलं झाकणासकट जीपमध्ये ठेवलं. मामी मागे धावली. "अवं साहेब, पातेलं तरी परत द्या! माझ्या आईचं हाय." पंगत तशीच. बुद्धघोषच्या वडिलांचा हात ताटात थांबलेला.

सगळं कचरूमामांच्या एका वाक्यामुळे. माझं बुद्धघोषशी लग्न ठरलं, म्हणून त्याच्या घरच्यांना निरवांगीला जेवायला बोलावलं होतं. पहिल्या घासालाच मामा गरजले, "पावणं, चिंकारा हाय! म्या सोता मारला." मामांना बंदूक धरता येत नाही! पण आवाज मोठा. आणि रस्त्यावर वनखात्याची जीप उभी होती. पातेल्यासोबत मामांनाही घेऊन गेले.

८ मार्च

इंदापुरात मामांना जामीन मिळाला. बाहेर आल्यावर विचारलं, मामा, खरं काय?

"बोकड हाय. भिगवणच्या बाजारातलं."

"मग साहेबांना तसं सांगा ना!"

"पावण्यांम्होरं खोटा पडू व्हय? त्यापरीस शिकारी बरा."

चिंकारा हरणाच्या शिकारीला बंदी आहे, सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते! मला यांनीच लहानाचं मोठं केलं. मामा सुटेपर्यंत लग्न नाही — बुद्धघोषला सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग मामांना सोडवायलाच हवं."

११ मार्च

बुद्धघोष बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, कातडं नाही, शिंगं नाहीत. पूर्वी रश्शातलं मांस कशाचं हे कोणी छातीठोक सांगू शकलं नसतं. आता डीएनए तपासतात. मांस शिजलं तरी डीएनएचे तुकडे शिल्लक राहतात. ते हरणाशी, बोकडाशी, मेंढीशी ताडून बघायचे. हैदराबादला सोय आहे.

मामांनी विचारलं, "एवढ्या तिखटात बी?"

"तिखटात बी."

मग मामांनी चारचौघांत कबूल केलं — फुशारकी मारली. बुद्धघोषचे वडील पोट धरून हसले. "तरीच! हरीण एवढं चरबट कुठं असतंय?"

"बोकडच हाय," मामा म्हणाले. "मेंढरू मी तोंडात घेत न्हाय. वास येतो. एका घासात वळखतो!"

मामी चुलीकडे वळली.

२ मे

वनखात्याने रश्शाचा नमुना पाठवलाय, पण हैदराबादहून अजून काही नाही.

आपण आत गेलो तर, म्हणून मामा मामीला विहिरीवरचं इंजिन चालवायला शिकवतायत. मामी म्हणाली, "तुमाला कुणी शिकवलं? मीच न्हवं का?"

१९ जून

वनखात्याच्या कचेरीत बोलावलं. अहवाल आला! चिंकारा नाही! खटला संपला. मी तिथेच रडले. मामा मिशीवरून हात फिरवत साहेबांकडे बघतायत — जणू हरीण यांनीच वाचवलं. बुद्धघोष पेढे आणायला पळाला.

साहेब पुढे वाचू लागले. बोकडही नाही. मेंढी.

मामा ताडकन उभे राहिले. "चुकलं! हैदराबादवाल्यांचं चुकलं!"

घरी येईपर्यंत एसटीत हेच. उंबऱ्यातच मामीने ऐकून घेतलं. "न्हाय चुकलं. बोकड माहाग पडतंय. लगीन झाल्यापास्नं तुमी मेंढरूच खाताय, आन बोटं चाटताय."

मामा न जेवता मळ्यात गेले.

२० जून

सकाळी मामा जेवायला बसले. वाटीत बोट घालून विचारलं, "काय हाय?"

मामी म्हणाली, "हरण."

मामांनी दोनदा वाढून घेतलं.