बरोबरचे बटण नसलेला कॅल्क्युलेटर परीक्षेस नेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
राज्य अभियंता परवाना मंडळ,
मुख्य कार्यालय, राजधानी.

अर्जदार: श्रीमती व्हर्ना टोलेफसन,
बेकवर्थ अभियांत्रिकी कार्यालय, मिल फोर्क.

विषय: परवाना परीक्षेस माझा जुना कॅल्क्युलेटर वापरू देण्याबाबत फेरविनंती.
संदर्भ: आपले नकाराचे पत्र व सोबतची मान्य कॅल्क्युलेटरांची यादी.

महोदया,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार मिल फोर्क येथील परवानाधारक अभियंते श्री. ऑरिन बेकवर्थ यांच्या हाताखाली लग्नाआधीपासून काम करते. धान्याच्या कोठ्या, गोठे, चर्चची छपरे, ओढ्यांवरचे लहान पूल यांची आकडेमोड अर्जदाराची आणि नकाशावर शिक्का साहेबांचा, अशी आमची रीत आहे. शिक्क्याशिवाय नकाशाला रद्दीचाही भाव येत नाही, हे आपणांस सांगणे म्हणजे सूर्याला दिवा दाखवणे. साहेब वर्षअखेर निवृत्त होत आहेत. तोवर अर्जदारास परवाना मिळाला नाही, तर कार्यालयास कुलूप लागेल आणि गावाला साध्या पुलासाठीही शहरातल्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागेल.

२. अर्जदार रुजू झाली तेव्हा साहेबांनी तिला जो कॅल्क्युलेटर दिला, त्याला बरोबरचे (=) बटण नाही. दोन्ही आकडे आधी द्यायचे. बेरीज करायची की भागाकार, ते मागून सांगायचे. नवख्याला हे उफराटे वाटते, अर्जदाराच्या मात्र हाडीमांसी मुरले आहे. सदर यंत्र आपल्या यादीत नाही. त्यात मजकूर साठवता येतो म्हणून ते नाही, हे कारण अर्जदारास मान्य आहे. साठवण्याजोगे तिच्यापाशी काही नाही, ही गोष्ट वेगळी.

३. अर्जदार आडमुठी आहे, असा ग्रह कृपया करून घेऊ नये. तिने यादीतला कॅल्क्युलेटर विकत घेतला आणि तो घेऊन परीक्षेस बसली. बोटांनी घात केला. आकडा, आकडा, मग चिन्ह! यंत्राने मुकाट्याने भलतेच उत्तर दिले. आता प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची हुशारी पाहावी. घाईत माणूस ज्या चुका करतो, त्यांचीच उत्तरे त्यांनी चार पर्यायांत मांडून ठेवलेली असतात. आपले उत्तर समोर हजर दिसल्यावर शंका कोण घेईल? अर्जदार हसतमुखाने बाहेर पडली आणि सपशेल नापास झाली.

दुसऱ्या खेपेस नकोच ते यंत्र म्हणून अर्जदार नुसती पेन्सिल घेऊन गेली. परीक्षा केंद्रावरची पोरगी कळवळून म्हणाली, ‘अहो काकू, कॅल्क्युलेटर गाडीत राहिला का? जा, पळत जाऊन आणा, मी थांबते.’ अर्जदार ‘नको’ म्हणून आत जाऊन बसली. हाताने आकडेमोड करता करता वेळ संपली आणि शेवटच्या कित्येक प्रश्नांना हातच लागला नाही.

४. त्यानंतर अर्जदाराने कंबर कसली. नवरा डेल याने आकडे वाचायचे आणि अर्जदाराने नव्या यंत्रावर बोटे चालवायची, असा सराव स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाला. ‘व्हर्ना, घास तरी घे गं! भट्टीतून काढलेली हॉटडिश पार गार झाली,’ असे तो बिचारा रोज म्हणतो. एवढे करून बोटे नवे धड शिकली नाहीत आणि जुने विसरली. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. आता अर्जदार दोन्ही कॅल्क्युलेटरांवर चुकते.

५. गेल्या महिन्यात शाळेच्या नव्या व्यायामशाळेच्या छपराचे नकाशे कार्यालयातून गेले. लोखंडकामाचे ठेकेदार रस्टी क्वाम यांचा फोन आला. ‘काय गं व्हर्ना, ही तुळई व्यायामशाळेची आहे की कोंबड्यांच्या खुराड्याची? पहिल्याच बर्फात खाली बसेल ना!’ मी कागद काढून पाहिला. चूक माझीच होती, आणि लहानसहान नव्हती. लोखंड अजून कापले नव्हते, म्हणून निभावले. रस्टी पोट धरून हसत होता. मला हसू येईना, कारण त्या नकाशावर साहेबांचा शिक्का होता. (यापुढे अर्जदार-बिर्जदार लिहिणे मला जमणार नाही, क्षमा असावी.)

६. साहेबांनी चूक कशी पकडली नाही, असे आपण विचाराल. पूर्वी ते कागद हातात घेताच पकडत आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असे ओरडत, ‘व्हर्ना, शून्य खाल्लंस की काय? घरून न्याहारी करून येत जा!’ आता पकडू शकत नाहीत. त्यांना दिसत नाही. ईस्टरपासून मी नकाशावर बोट ठेवते आणि ते बोटाच्या अंदाजाने शिक्का मारतात. ‘सरळ बसला का गं पोरी?’ एवढेच विचारतात. मी ‘सरळ’ म्हणते. माझे गणित पक्के आहे, वर्षअखेरीपर्यंत कसेबसे ढकलू, असे मला वाटत होते. ते पक्के राहिलेले नाही, आणि तपासणारे कोणी उरलेले नाही.

७. वरचा परिच्छेद मी खोडला होता. माझे वडील नव्हते, तेव्हा लग्नात चर्चमध्ये माझा हात धरून चालले ते साहेब. त्यांचे नाव आपल्या दप्तरी असे माझ्या हातून जावे, याने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले आहे. परवाना मागायला बसले आणि त्यांच्यावरच तक्रार लिहून मोकळी झाले! पण त्या छपराखाली गावातली सगळी पोरे बास्केटबॉल खेळणार आहेत. म्हणून परिच्छेद परत लिहिला.

८. तरी विनंती की, व्यायामशाळेचे दुरुस्त नकाशे दुसऱ्या परवानाधारक अभियंत्याकडून तपासून घेण्याचा आदेश शुक्रवारपूर्वी व्हावा. शुक्रवारी साहेब शिक्क्यासाठी नकाशे मागतील आणि त्यांच्या तोंडावर नाही म्हणण्याची माझी छाती नाही. चौकशीस माणूस पाठवाल तो वयाने थोडा मोठा असावा आणि त्याने आवाज चढवू नये. साहेबांचे डोळे गेले आहेत, कान शाबूत आहेत. कॅल्क्युलेटरची विनंती मी मागे घेते. पुन्हा कधी परीक्षेस बसू दिलेत, तर यादीतला कोणताही आणीन.

टपालाला उशीर होईल म्हणून हा अर्ज डेल स्वतः गाडीने आणून देत आहे. पोच त्याच्याच हाती द्यावी.

आपली नम्र,
व्हर्ना टोलेफसन
मिल फोर्क, सोमवार, दि. ४ नोव्हेंबर

सोबत:
१. तुळईचे चुकलेले गणित, चूक लाल पेनने दाखवली आहे.
२. तेच गणित दुरुस्त करून. हे कोणीही तपासलेले नाही.

प्रत माहितीसाठी:
श्री. ऑरिन बेकवर्थ. (उद्या सकाळी मी स्वतः त्यांना वाचून दाखवीन.)