अळंब्यांची जागा

श्रावणातला मंगळवार, दिवेलागण

वनखात्याचा माणूस सांगून गेला, लाल तोंडाची माकडं कमी होत चाललीत, त्यांना हाकलायला फटाके लावू नका. मी म्हटलं, "माझे नारळ मोजून जा, मगे सांग." हसला मेला. पण खोटं नाही. पूर्वी अख्खी टोळी यायची. आता एकच येतं, फणसावर गप्प बसतं. हाकललं तरी हलत नाही.

मग मागच्या रानात गेले. वारुळावर अळंबी उगवलेली, पांढरीशुभ्र. ही जागा सासूने फक्त मला दाखवलेली. जागा घरच्या सुनेलाच दाखवायची, शेजारणीला नाही, ही आमची रीत. म्हणून मुंबईला सुनेला फोन केला. "गो, येतंस काय? जागा दाखवतंय तुका."

"आई, इकडे डब्यात मिळतात हो मशरूम."

झालं.

अळंब्याला कोणी लागत नाही. वीज कडाडली की आपलं आपण वर येतं. माकडाला टोळी लागते, एकटं पडलं की त्याचा खोडकरपणाही जातो. मला वाटायचं मी अळंब्यातली. मग आज अळंब्यांचं एवढं सुकं केलं, खोबरं घालून, ते एकटीला गिळवेना का?

कुंपणावरून भांडण झाल्यापासून शेजारच्या शालनशी बोलत नाही मी. तरी वाडगा भरला आणि तिच्या दारात गेले. तिने उभ्यानेच चाखलं.

"मीठ कमी हा गो. खंय गावली ही?"

जागा सांगू? सासू आठवली.

"सकाळी चल माझ्यावांगडा. दाखवतंय."

सासूबाई, रागवायचं तर रागवा. तुम्हाला सून तरी होती जवळ.