वरचा एक डोस

बाबा, आज सहाव्या दिवशी आमच्याकडे नळ आले. शेजारच्या वहिनींनी जिन्यातूनच "नळ आले" म्हणून हाक दिली आणि मी कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले. अकोल्यात संसार करून मला तीस वर्षं होतील. ही हाक हजार वेळा ऐकली असेल, तरी ती आली की आधी ड्रम आठवत नाहीत, तुम्ही आठवता. पाणी भरून झालं, मोटार बंद केली आणि वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. जे लिहायचं आहे ते तुम्ही समोर असताना तोंडानं सांगता आलं असतं. ते जमलं नाही, म्हणून हा कागद, आणि हा कुठल्या पत्त्यावर टाकायचा हे मला कोणी विचारणार नाही.

अमरावतीची आपली खोली आता कोणाला सांगितली तर खरी वाटत नाही. एकच खोली, अर्ध्या भिंतीमागं स्वयंपाक, आणि तिच्यातच दिवाळीच्या आधीचे दोन रविवार तुमचा काडतुसं भरायचा कारखाना. भातकुलीकडच्या आपल्या वावरात ज्वारी-तूर उभी राहिली की रानडुकरं यायची, आणि आजोबांच्या मागे परवान्यासकट तुमच्याकडे आलेली एकनळी बंदूक त्यांच्यासाठी होती. तुम्ही एखादं डुक्कर मारल्याचं मात्र मला आठवत नाही. हाकलायचं, मारून काय करायचं, असं तुम्ही काकांना म्हणायचे आणि बार हवेत काढायचे. दुकानातली काडतुसं मोजकीच मिळायची, म्हणून वाजलेली पितळी काडतुसं पिशवीत घालून घरी आणायची आणि पुन्हा भरायची.

त्या दिवशी घरात काय काय बंद व्हायचं. स्टोव्ह बंद, म्हणजे दुपारी सकाळचंच खायचं. पंखा बंद, कारण दारू उडते. माझा नायलॉनचा फ्रॉक बंद, कारण नायलॉनला ठिणगी असते. देवापुढचा दिवासुद्धा तुम्ही विझवायला लावायचे, आणि आई दवाखान्यात आया होती, तिची कामाची पाळी नसली तर ती म्हणायची की तुमच्या बंदुकीपायी देवालेही अंधारात बसा लागते. खाट भिंतीला उभी करायची, खाली जुनं सुती लुगडं अंथरायचं आणि त्यावर तुम्ही मांडी घालून बसायचे. ऑक्टोबरचं ऊन दारावर तापत असायचं. तुमच्या कपाळावरचा घाम डोळ्यात जाऊ नये म्हणून तो पुसायचं काम माझं होतं. माझं तेवढंच काम, पण मी त्याच्यासाठी वर्षभर वाट बघायचे.

चौथीत बाईंनी एकेकीला उभं करून विचारलं की सुट्टीच्या दिवशी तुझे वडील काय करतात. मी खणखणीत आवाजात सांगितलं, दार लावून दारू भरतात. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईनं ती पिण्याची नाही, बंदुकीची, असं समजावल्यावर बाई जास्तच घाबरल्या. तुम्ही मात्र ते ऐकून इतके हसलात की पुडीतलं औषध सांडलं, आणि पुढं वर्षभर पाहुण्यांना तेच सांगत होतात.

पुडी म्हणजे तुमचा जीव की प्राण. तुम्ही कंपाउंडर. दिवसभर डॉक्टरांच्या पडद्यामागे उभं राहून भुकट्या मोजायच्या आणि कागदात बांधायच्या. तुमची पुडी कधी सुटली नाही, कधी कमी-जास्त झाली नाही, हे भातकुलीपासून परतवाड्यापर्यंतचे पेशंट सांगायचे. बंदुकीच्या दारूलाही तुम्ही डोसच म्हणायचे. दवाखान्यातून आणलेला पितळी चमचा, दवाखान्यातलाच बाटल्या ठेवायचा भोकांचा लाकडी स्टँड. रिकामी काडतुसं लुगड्यावर पालथी मांडलेली, आणि ज्याच्यात डोस पडला ते स्टँडमध्ये उताणं उभं. पालथं म्हणजे रिकामं, उभं म्हणजे भरलेलं. सगळी उभी झाली की तुम्ही बॅटरीच्या उजेडात एकेकाच्या तोंडात डोकावून डोस सगळ्यांत सारखाच आहे ना ते बघायचे, मगच बूच दाबायचे आणि छर्रे घालायचे. तोवर बोलायचं नाही. "तोंडाले कुलूप लाव. तू बोलली का मी चुकलो," एवढं सांगून तुम्ही गप्प व्हायचे, आणि मग त्या खोलीत जी शांतता यायची, बाबा, तशी मला पुन्हा कुठं मिळाली नाही. तुमचा श्वास ऐकू यायचा. मला वाटायचं, जगात दोघंच आहोत आणि दोघंही अत्यंत महत्त्वाचं काहीतरी करतोय.

मी अकरा वर्षांची होते त्या रविवारची गोष्ट. आई पाळीवर. तुमची निम्म्याहून जास्त काडतुसं उभी झाली होती आणि बाहेरून कोणीतरी ओरडलं, नळ आले. पाणी दोन दिवसांनी येत होतं, अर्धा तास राहायचं. तुम्ही दारूच्या डब्याचं झाकण लावलं, चमचा झाकणावर ठेवला आणि मला म्हणालात, "इथंच बस. कोणाले आत येऊ देऊ नको." बादल्या घेऊन तुम्ही गेलात. मला राखणीला बसवलंत. कारखाना माझ्या ताब्यात आला होता.

तुम्ही इतकी वर्षं करत होतात ते मी इतकं बघितलं होतं की मला ते येत होतं. एकच डोस टाकायचा, बस. पालथ्या काडतुसाला हात लावला असता तर तुम्हाला कळलं असतं, किती उरली ते तुमच्या डोक्यात असायचं. म्हणून मी उभ्यांतलंच एक निवडलं. कडेचं. झाकण उघडलं, चमचा काठोकाठ भरला, तुमच्यासारखाच बोटानं सपाट केला आणि श्वास धरून आत सोडला. एक कणही सांडला नाही. मला इतका आनंद झाला की उठून नाचावंसं वाटलं. उभं म्हणजे भरलेलं, हे मला ठाऊक होतं. भरलेल्यात भरलं तर काय होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही परत आलात ते कोपरापर्यंत भिजून. सदऱ्यातून पाणी गळत होतं. सदरा काढलात, अंग पुसलंत, तरी केसांतून थेंब पडत होते. दारूत पाणी जाईल म्हणून तुम्ही हात लांब करून, अंग मागे ठेवून उरलेली भरली आणि त्या दिवशी स्टँडवर वाकून बॅटरी लावली नाहीत. बुचं दाबलीत. मी बघत होते. बोलायचं नाही हा नियम होता, बाबा, आणि मी तो पाळला.

दिवाळीनंतर काकांचा निरोप आला. वावरात बंदुकीची नळी फुटली, डावा हात. तुमचा डावा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. दवाखान्यात पट्टीचा हात उशीवर ठेवून तुम्ही येईल त्याला एकच सांगत होतात, "माया हातून झालं. नळाच्या नादात एकात दोनदा डोस पडला." पोलिसांनाही तेच, डॉक्टरांनाही तेच. मी खाटेच्या पायाशी उभी. आई म्हणाली, पोरगी भेदरली आहे, तिला घरी न्या.

बंदूक ठाण्यात जमा झाली ती झालीच. दवाखान्यात पुन्हा कामावर गेलात तेव्हा पुडी बांधता येईना. एका हातानं कागद धरायचा, दुसऱ्यानं घडी घालायची, आणि धरायला अंगठाच नाही. डॉक्टर भले होते, त्यांनी तुम्हाला नंबर पुकारायला बाहेरच्या बाकावर बसवलं. पडद्यामागे नवा माणूस आला. पेशंट तुमच्याजवळ येऊन हळूच सांगायचे की त्याची पुडी घरी जाईपर्यंत सुटते. तुम्ही म्हणायचे, शिकेल, हळूहळू शिकेल. ज्या माणसाचा डोस कधी चुकला नाही तो माणूस, स्वतः चुकलो असं चारचौघांत सांगत, माझ्यामुळे त्या बाकावर बसला.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी अमरावतीला आले होते. दुपारची वेळ, आई बाहेर ओट्यावर. तुम्ही डोळे मिटूनच विचारलं, "पोरी, मी पाण्याले गेलो होतो त्या दिवशी. माया हातून खरंच दोनदा पडला काय व?"

मी म्हणाले, "मले नाई आठवत, बाबा. लय जुनं झालं ते."

"मले बी नाई आठवत," तुम्ही म्हणालात. "तेच तर."

तुम्ही कुशीवर वळलात. सव्वीस वर्षं तुम्ही ते आठवायचा प्रयत्न करत होतात, हे मला तेव्हा कळलं, आणि कळूनही मी गप्प बसले. तुम्हाला आधीच माहीत होतं आणि मला सांगायची संधी देत होतात, की खरंच विचारत होतात, हे आता कोण सांगेल. मी दोन्ही बाजूंनी विचार करते. माहीत असेल तर तुम्ही मला झाकलंत. नसेल तर तुम्ही स्वतःवरचा विश्वास घालवून गेलात, आणि तो मी एका वाक्यात परत देऊ शकत होते.

भीतीमुळे सांगितलं नाही, असं मी आजवर मनाशी म्हणत आले. अकरा वर्षांची होते तेव्हा ते खरं होतं. पुढं नव्हतं. तुम्ही मला बोलला नसता हे मला पक्कं माहीत होतं. कारण दुसरं होतं. पट्टी सुटल्यावर पहिल्याच सकाळी तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "तुयी बोटं बारीक आहेत, लाव बरं." तेव्हापासून माझ्या लग्नापर्यंत तेरा वर्षं रोज सकाळी तुमच्या सदऱ्याची बटणं मी लावली. आई तोवर पाळीवर गेलेली असायची. तुम्ही हनुवटी वर करून उभे, मी खालून वर. दोघंही काही बोलत नसू. मी खरं सांगितलं असतं तर मला रोज तो हात डोळ्यांसमोर नको म्हणून तुम्ही दुसऱ्याच दिवसापासून दुसरी काही सोय केली असती. मी सासरी गेल्यावर तुम्ही गळ्यातून घालायचे, बिनबटणांचे सदरे शिवून घेतलेत. ते तेरा वर्षं तुम्हाला सुचलंच नव्हतं, असं मला वाटत नाही.

तुमचा अंगठा माझ्यामुळे गेला आणि तरी त्या सगळ्या सकाळी मी सुखात होते, बाबा. गळ्याजवळचं बटण मी रोज मुद्दाम उशिरा लावायचे.