दोन गाठींची पिशवी

प्रिय इंद्रायणी,

तू माहेरी हसनाबादला गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. शिवकन्याच्या डोक्यावर आता बारीक केस दिसायला लागले असतील. जावळ काढल्यावर लेकरू काही दिवस परक्यासारखं दिसतं, मग पुन्हा आपलं वाटायला लागतं. माझा कल्याण लहान असताना त्याचंही तसंच झालं होतं. इथं बदनापुरात सगळे बरे आहेत. हरभरा सोंगून झाला. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा दुखतो आणि ते दुखत नाही म्हणतात. गिरिजाआत्या अजून इथंच आहेत. घर मोठं वाटतं.

मला सारखी तुझी तयारी आठवते. किनवट तालुक्यातल्या शाळेवर तुझी नेमणूक झाली, त्या दिवशी आपण गल्लीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू झाले. कल्याणला जालन्यातला कारखाना सोडता येणार नाही. नऊ महिन्यांचं लेकरू तुझ्याजवळ राहणार. सुट्टीला घरी यायचं तर रेल्वेचे आठ-नऊ तास. ह्यांनी नेमणुकीचा कागद आपल्या कपाटात ठेवला आणि म्हणाले, "आधी जेजुरीला जावळ काढून येऊ. हिला लेकरू घेऊन प्रवास निभतो का बघू. मंग ठरवू." तू "बरं" म्हणालीस. तुझ्या जागी मी असते तर रडले असते. तू वही घेऊन बसलीस.

तीन दिवस तू लिहीत होतीस. शिवकन्या केव्हा उठते, केव्हा दूध मागते, किती वेळानं ओली होते, कोणत्या वेळेला उगीच रडते. मला तेव्हा हसू आलं होतं. मी तीन लेकरं वाढवली, गावातली दोन पिढ्यांची लेकरं अंगणवाडीत सांभाळली, पण लेकराच्या रडण्याची वेळ कधी लिहून ठेवली नाही. मग तू जुन्या जालन्यातल्या दुकानातून साड्यांवर येतात तशा चेनच्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आलीस. धुतल्यास, पुसल्यास, दोरीवर वाळत घातल्यास. प्रत्येक पिशवीच्या चेनला दोरा बांधलास. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. अशा सहा. गिरिजाआत्या ओट्यावरून म्हणाल्या, "काय गं, जीपमंदी मेडिकल टाकून राह्यलीस काय?" तू मान वर न करता म्हणालीस, "हो आत्या. तुमच्या उलटीची गोळी पण ठेवलीय. लागली तर हाक मारा." आत्या त्यावर गप्प बसल्या. गप्प बसलेल्या आत्या मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिल्या, त्यातली ही एक वेळ.

निघालो त्या पहाटेचं तुला सांगायला नको. क्रूझरमध्ये आपण अकरा माणसं. मोठं सामान वरच्या कॅरिअरवर, ताडपत्रीखाली, दोरानं आवळलेलं. तुझ्या पायाशी फक्त कापडी झोळा. नेवाशाच्या अलीकडे शिवकन्या उठली. तू एका गाठीची पिशवी उघडलीस. तिचे कपडे बदललेस, तोंड पुसलंस, दूध पाजलंस, ओलं ते त्याच पिशवीत घालून चेन लावलीस. तुझ्या शेजारी बसलेल्या वर्षाराणीला ती उठल्याचं कळलंसुद्धा नाही. मी मागच्या सीटवरून पाहत होते. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. भीती का, ते पुढं लिहिते.

नगर सोडलं आणि शिवकन्याला जुलाब सुरू झाले. तू न बघता झोळ्यात हात घातलास. बोटांनी दोन गाठी चाचपल्यास आणि पिशवी बाहेर काढलीस. आत सात झबली होती. इस्त्री केलेली, घडी घातलेली. डायपर नाही, फडकं नाही, साखर-मिठाची पुडी नाही. तीन गाठींच्या पिशवीत टोपडी आणि मोजे. चार गाठींच्या पिशवीतही झबलीच. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. एवढंच, एकदा. मग स्वतःची ओढणी काढून लेकराला गुंडाळलंस. ड्रायव्हर मिथुनला गाडी चहाच्या टपरीवर घ्यायला लावलीस. टपरीवाल्याकडून उकळलेलं पाणी, साखर आणि मीठ मागितलंस आणि चमच्याचमच्यानं पाजत बसलीस. मिथुन दोर सोडताना कुरकुरत होता, "एवढं बांधलेलं सोडायचं म्हंजे तास गेला बघा." खरोखरच तास गेला. कॅरिअरवरच्या सामानात सगळ्यात खाली, मोठ्या बॅगेच्या तळाशी सगळे डायपर एका गठ्ठ्यात सापडले. औषधं दुसऱ्या गठ्ठ्यात. जेजुरीला पोहोचायला उशीर झाला, मुक्काम करावा लागला, जावळ दुसऱ्या दिवशी निघालं.

टपरीसमोर सगळ्यांच्या देखत हे म्हणाले, "एका दिवसाच्या प्रवासात ही गत. तिथं एकटी काय करणार?" तू म्हणालीस, "माझीच चूक झाली, मामा. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायला पाहिजे होत्या." मी पाण्याची बाटली धरून उभी होते. बोलले नाही. घरी आल्यावर नेमणुकीचा कागद कपाटातच राहिला. कोणी त्याचं नाव काढलं नाही. तूही नाही. दोन दिवसांनी तू लेकराला घेऊन माहेरी गेलीस.

त्या पिशव्या मी भरल्या होत्या. तुला ते त्याच क्षणी कळलं, हे मलाही कळलं. आदल्या संध्याकाळी तू शिवकन्याला अंघोळ घालत होतीस. पिशव्या पलंगावर होत्या, फक्त पहाटेची, एका गाठीची, तू उशाशी नेऊन ठेवली होतीस. मी सहज एक उघडली. एक झबलं, दोन डायपर, एक फडकं, एक पुडी, एक लहान बाटली. दुसरीत पुन्हा तेच. मला वाटलं, पोर दमली, जे हाती लागलं ते कोंबत गेली. अंगणवाडीत तीस वर्षं मी हेच शिकले होते, डाळ डाळीत, गूळ गुळात, पाट्या पाट्यांत. पर्यवेक्षिका यायची म्हटलं की मी मदतनीस बाईला घरी पाठवून स्वतः डबे लावायची. मी तुझंही तसंच लावलं. झबली झबल्यांत, डायपर डायपरांत. मोठ्या बॅगेतले कपडेही काढून पिशव्यांत लावले आणि डायपर, औषधांचे गठ्ठे त्या बॅगेच्या तळाशी ठेवले. दोऱ्याच्या गाठी मला नजर लागू नये म्हणून बांधलेल्या वाटल्या, म्हणून त्या तेवढ्या ठेवल्या. सकाळी तू खूश होशील असं वाटलं होतं. निघायच्या घाईत सांगायचं राहिलं. नेवाशाजवळ तुझी पहिली पिशवी पाहिली, एका वेळेचं सगळं एकीत, गाठी म्हणजे त्यांचा क्रम, आणि मी काय केलं ते मला समजलं. तेव्हाही सांगता आलं असतं. गाडी थांबवता आली असती. जीपमध्ये हे होते, आत्या होत्या, मी तोंड उघडलं नाही. लेकरू बरं होतं आणि मी बरंच राहील असं धरून बसले.

तुला माहीत नाही अशी एक गोष्ट सांगते. मी आठ वर्षांची होईपर्यंत आमच्या घरची मेंढरं होती. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन निघायचा आणि आई घोडीवर बिऱ्हाड लादायची. वर कोंबडी, कोकरू आणि माझा धाकटा भाऊ. माझी आई पीठ एका पोत्यात, मीठ एका डब्यात असं कधी बांधायची नाही. एकेका मुक्कामाचं एकेक गाठोडं. पीठ, मीठ, मिरची, काड्यापेटी, भावाचं दुपटं. मुक्कामाला पोहोचलं की एकच गाठोडं सोडायचं, बाकीची घोडीवर तशीच. बाप मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडून येईपर्यंत चूल पेटलेली असायची. तिला अक्षर येत नव्हतं. तू वहीत लिहून जे काढलंस, ते तिला हातानं येत होतं. मी मधल्या मध्ये शिकले आणि विसरले. हे मला जेजुरीहून परत येताना समजलं. तू पुन्हा सगळ्या पिशव्या आपल्या रीतीनं लावल्या होत्यास आणि परतीच्या सगळ्या वाटेत एकदाही कॅरिअरकडे बघावं लागलं नाही. हे मात्र कोणी बोललं नाही. मीही नाही.

आज सकाळी मी बोलले. हे आणि कल्याण चहा पीत होते, आत्या भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, पिशव्या उघडल्यापासून नेवाशापर्यंत. ह्यांनी विचारलं, "मंग तवाच का न्हाई बोललीस?" आत्या म्हणाल्या, "घाबरली आसंल. सासू झाली म्हून काय झालं." मग हे उठले, कपाट उघडलं आणि नेमणुकीचा कागद कल्याणच्या हातात दिला. म्हणाले, "तिचा तिला नेऊन दे. हजर व्हायला आठ दिवस राह्यले." माफी मागायची रीत त्यांना येत नाही, ती तू एवढ्यातच समजून घे. कागद या पत्राबरोबर कल्याणच आणून देईल.

आता जे विचारायचं ते. तू शाळेत असताना शिवकन्याजवळ कोणीतरी हवं. मी किनवटला येऊन राहायला तयार आहे. ह्यांनी विचारलं, "आन् माझी भाकर?" मी म्हटलं, दोन हात आहेत, तवा तिथंच आहे. पण हे फक्त माझं ठरलं आहे, तुझं नाही. तुला मी नको असेन तर तिथली एखादी बाई बघ, तुझी आई येत असेल तर तिला ने. हे मी फोनवर विचारलं असतं तर तू लगेच "या ना आई" म्हणाली असतीस, टपरीवर "माझीच चूक" म्हणालीस तशी, समोरच्याची लाज राखायला. तसं उत्तर मला नको आहे, म्हणून कागदावर लिहिते. दोन दिवस विचार कर. नको असेल तर नको लिही. मी ते वाचीन आणि तरीही तुला गाडीत बसवायला स्टेशनवर येईन.

तुझीच,
सगुणाआई